मोगॅम्बो आणि बेटासुर

शाळेची सहल खोपोलीच्या इमॅजिका पार्कातून परत आली आणि त्याच सकाळी धाकट्या भावाचा नातू आमच्या ओट्यावर हजर. रात्रभराच्या गाडीनं डोळे तारवटलेले, पण सांगायची घाई झालेली. मी आधी 'नायट्रो' या उंच पाळण्याचं विचारलं, कारण सहलीच्या कागदावर सगळ्यात ठळक अक्षरात तेच छापलेलं होतं. "लय उंच होतं. पोटात गोळा आला," इतकंच बोलून पोरगं पुढं सरकलं. मग सुरू झाली मिस्टर इंडियाच्या राइडची गोष्ट. मोगॅम्बो कुठून आला, त्यानं काय धमकी दिली, आपली खुर्ची कशी हादरली, पोरं कशी ओरडली. तो सिनेमा १९८७चा. पोरानं तो बघितलेला नाही, तरी सगळी पात्रं तोंडपाठ. मध्ये त्याची आजी चहा घेऊन आली तर तिलाही पहिल्यापासून ऐकावं लागलं.

मला राग आला तो सहलीच्या त्या कागदाचा. उंची, वेग, राइड किती, जेवण आहे की नाही, सगळं त्यात होतं. तिथं कोणत्या गोष्टी सांगतात याची एक ओळ नव्हती. पालकांनीही विचारलं ते "पाळणे किती हायत?" एवढंच. पोरांना काय आवडतं हे पोरांना कुणी विचारतच नाही.

इमॅजिका २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालं ते मनमोहन शेट्टींनी, म्हणजे सिनेमाच्या धंद्यात मुरलेल्या माणसानं. म्हणून तिथं सलीमगढचं भुताटकीचं घर आहे, अलीबाबा आहे आणि राजासॉरस हा डायनासोर आहे. हा राजासॉरस कुणी मनानं रचलेला नाही. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. जगात ही वाट जुनीच. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कनं १९५२ साली परीकथांचं रान उभं केलं, १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. डिस्नेलँडमधली चाच्यांची नावेची सफर १९६७ची आणि तिच्यावरून सिनेमा निघाला तो २००३ साली. उंच पाळण्यावर कुणी सिनेमा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पोरगं बोलत होतं तेव्हा माझ्या डोक्यात मात्र आपल्या राणीसावरगावच्या रेणुकेच्या देवळापुढचा गोंधळ सुरू झाला होता.  जत्रेतल्या लाउडस्पीकरच्या आवाजात तो आता बुडाला आहे.

गोंधळ कसा सुरू झाला याची कथा थेट माहूरच्या रेणुकेपाशी जाते. परशुरामानं बेटासुर नावाचा दैत्य मारला, त्याच्या शिरातल्या तंतूंचं वाद्य केलं आणि ते छेडत आईपुढं येऊन उभा राहिला. पहिला गोंधळ तो. बापाच्या शब्दावरून ज्या आईवर यानंच परशू चालवला, तिच्यापुढं हा मुलगा दैत्याचं वाद्य वाजवतो आहे! मोगॅम्बोपेक्षा बेटासुर कमी आहे का? पण आपल्या गावातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? मी नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "हा कोणत्या पार्कात असतो?"

गोंधळात काय असतं ते नव्या वाचकांसाठी सांगतो. चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटते. गळ्यात कवड्यांच्या माळा, साथीला संबळ, तुणतुणं, झांज. आधी गण, मग गावोगावच्या देवांना गोंधळाला या म्हणून आमंत्रण. त्यात माहूर येतं, तुळजापूर येतं, पंढरपूर येतं, जेजुरी येते आणि ऐकणारा बसल्या जागी महाराष्ट्र फिरून येतो. त्यानंतर आख्यान. मुख्य गोंधळी कथा लावतो आणि साथीदार मध्येच भाबडा प्रश्न टाकतो: "आन् मग राणी काय म्हन्ली?" तो प्रश्न समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनातला असतो. म्हणूनच रात्र कशी सरली ते कळत नाही.

यातलं जांभूळ आख्यान तर काय सांगावं. द्रौपदीच्या मनात कर्णाचा विचार येतो, कृष्ण तो ओळखतो, आणि झाडावरून तोडलेलं एक जांभूळ सगळ्यांच्या मनातलं खरं बाहेर काढतं. विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर नेलं आणि शहरांतली माणसं थक्क झाली. आणि परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम तर आपल्याच जिल्ह्यातले. ज्या जिल्ह्यानं असा माणूस दिला, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी गोष्ट ऐकायला घाट उतरून खोपोलीला जावं, याचं मला मनापासून दुःख होतं. खोपोलीला जरूर जावं. पण घरची गोष्ट ऐकून जावं.

आता 'तीर्थक्षेत्र विकास' हा शब्द गावोगावी ऐकू येतो. एका मोठ्या देवस्थानाची बाग मी बघून आलो. फरशी गुळगुळीत, कारंजं, संतांचे सिमेंटचे पुतळे, ओळीत चांगले रंगवलेले. एक लहान मुलगी एका पुतळ्यापुढं उभी राहून आईला विचारत होती, "ही बाई दळतीय कामून?" आई म्हणाली, "चल, फोटो काढू." ती जनाबाई होती. तिचं गंगाखेड आपल्यापासून कितीसं दूर? जनाबाईबरोबर विठोबा जात्याला बसला, तिच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, या गोष्टी सांगायला तिथं एकही माणूस नव्हता. पुतळ्यांवर लाखो रुपये जातात आणि सांगणाऱ्याच्या मानधनाचं कलम अंदाजपत्रकात नसतं. एक म्हातारा गोंधळी तिथं दिवटी घेऊन बसवला असता तर ती मुलगी तासभर हलली नसती.

हे होणार नाही असं कुणी म्हणू नये. फ्रान्सच्या पश्चिमेला, शेतीवाडीच्या भागात, प्युई दु फू नावाची जागा आहे. तिथं १९७८ साली एका पडक्या गढीपुढं गावकऱ्यांनीच आपल्या मुलखाचा इतिहास रात्री सादर करायला सुरुवात केली. आजही त्या रात्रीच्या खेळात दोन हजारांहून जास्त माणसं फुकट काम करतात. पुढं तिथं मोठं पार्क झालं, पण माणसं पाळण्यांसाठी येत नाहीत, कथा बघायला येतात. आपल्याकडे बाबासाहेब पुरंदऱ्यांनी 'जाणता राजा'त शेकडो माणसं आणि हत्ती-घोडे उभे केले, तेही याच विश्वासावर.

राणीसावरगावात हत्ती नकोत. येत्या नवरात्रात एक संध्याकाळ डीजे बंद ठेवून रेणुकेपुढं पूर्ण आख्यान व्हावं, पोरांना पुढं बसवावं आणि गोंधळ्याला ऑर्केस्ट्राइतकी बिदागी द्यावी. गोंधळी रेणुराई असो की कदमराई, जे घराणं अजून गातं त्याला आत्ताच सांगून ठेवावं लागेल. आणि ज्यांच्या घरी लग्नातल्या गोंधळाच्या जुन्या कॅसेट पडल्या असतील, त्यांनी त्या भंगारात न देता मोबाइलवर भरून घ्याव्यात. बेटासुराचं आख्यान पूर्ण असेल तर मला आधी कळवा. नातू रोज विचारतो आहे, आणि मला अर्धंच येतं.