अर्धेच ताट

या खेपेस बीजप्रक्रियेवर लिहायचे ठरवले होते. पण मुलुंडला ताईकडे जाऊन आलो आणि तोच विषय डोक्यात घोळतो आहे.

दाजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावा हात लुळा पडला, हे घरच्यांना कळत होते. कळत नव्हते ते निराळेच. ताटातली उजवीकडची भाजी-भाकरी संपवायची, डावीकडचा भात तसाच ठेवायचा आणि ‘भात वाढला नाही’ म्हणून रागवायचे. ताट फिरवले की भात दिसे. दाढीसुद्धा उजव्या गालाचीच. ताईला वाटे, मुद्दाम छळतात. शेजारीण म्हणाली, बाहेरचे काही असेल.

बाहेरचे काही नाही. डोळेही चांगले असू शकतात. विहिरीला पाणी असले तरी दांड फुटला की वाफा कोरडा राहतो, तसे हे आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावीकडचे जग माणसाच्या ध्यानातच येत नाही.

मनातल्या चित्राचेही तेच. इटलीतल्या मिलान शहरात १९७८ साली बिझियाक आणि लुझात्ती या संशोधकांनी अशा दोन रुग्णांना तिथला मोठा चौक आठवून सांगायला लावला. चर्चकडे तोंड करून उभे आहात असे समजा, म्हटल्यावर उजवीकडच्याच इमारती बहुतेक सांगितल्या. मग चर्चच्या दारातून उलट पाहा म्हटले, तर मघाशी गाळलेल्या आल्या!

मी दाजींना म्हटले, डोळे मिटा, स्टेशनावरून घरी या. त्यांनी उजव्या हाताची दुकाने सांगितली. आता घरून स्टेशनाला चला, म्हटले. पिठाची गिरणी आणि वाणी तेव्हा आठवले. ताई ऐकतच राहिली. विसरले काहीच नव्हते.

तोंड वाकडे झाले, हात गळला, जीभ जड झाली, तर मालिश, अंगारा करत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डॉक्टरांनी तपासून.

नंतर पुष्कळांत सुधारणा होते, पण वेळ लागतो. डावीकडे बसून बोला, ताटाच्या डाव्या काठाला लाल फीत लावा. पाण्याचा तांब्या मात्र उजवीकडेच हवा. आणि गोठ्यात एकटे सोडू नका. डावीकडून आलेले शिंग त्याला दिसणार नाही.