जवाईबापूंचा लेखी जबाब

वर्षाच्या पोराला लाकडागत टणक बूट भेट देणाऱ्यांवर सरकारने कर बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या वऱ्हाडात नातू उभा राहिला रे राहिला, की आजोबा अमरावतीच्या राजकमल चौकातून नाही तर अकोल्याच्या गांधी रोडवरून बुटांचा डबा घेऊन हजर! "बूट कसा टणक पाह्यजे, जवाईबापू! पायाले आधार भेटते." सासऱ्यांना तोंडावर काय बोलणार? म्हणून छापून बोलतो.

आधार कसला? पोर पाची बोटांनी फरशी धरून तोल शिकत असते. तळवा सपाट दिसतो तो चरबीच्या गादीमुळे; कमान पुढे काही वर्षांत आपसूक येते. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 साली आपल्याकडच्या 2300 मुलांच्या पाऊलठशांचा हिशेब छापला. मुले चार ते तेरा वर्षांची. पादत्राणे घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाण्यांत 2.8. मी कॉमर्सवाला, असला ताळेबंद मला लगेच कळतो.

तेव्हा घरात अनवाणी. मे महिन्यात अकोल्याचे अंगण म्हणजे तापलेला तवा, तिथे बूट हवेच. पण तळ दोन बोटांत दुमडणारा, पुढे बोटे हलतील असा. 'वाढता पाय' म्हणून दोन नंबर मोठा नको, पोर त्यात अडखळते.

आणि ते चूंचूं वाजणारे? आणणाऱ्याने दुपारी त्याच घरात झोपून दाखवावे!