काटकसर कोणाच्या जिवावर?

काटकसर हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु काटकसर नेमकी कशाची करायची आणि तिची किंमत कोणी मोजायची, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. संगणकाची वीज वाचवण्याच्या बाबतीत ते अगत्याने विचारावयास हवेत. 'हा विषय विज्ञान शाखेचा, आपण त्यात कशाला पडावे?' असे कला शाखेतील मित्र म्हणतील. पण ज्या यंत्रावर आपण निबंध, कविता आणि प्रबंध लिहितो, ते यंत्र आपले लेखन केव्हा आणि कोठे ठेवते याच्याशी आपला संबंध नाही, असे कसे म्हणावे?

नव्या लॅपटॉपमध्ये आता बहुधा फिरती हार्ड डिस्क नसते. तथापि हातोहात आलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती अजून आहे, आणि तिची तबकडी मिनिटाला अनेकदा ५४०० फेरे घेते. हे फिरणे बॅटरी खाते, म्हणून काम नसताना तबकडी थांबवावी, हा विचार योग्यच. अडचण अशी की, ऑपरेटिंग सिस्टिम तिला स्वस्थ बसू देत नाही. पूर्वी तर एखादी फाईल नुसती वाचली तरी 'ही अमुक वेळी वाचली' अशी नोंद डिस्कवर होई. पुस्तक घरी नेले की ग्रंथपालाने नोंद करावी हे ठीक. पण वाचनालयात कोणी पुस्तक नुसते उघडून पाहिले तरी वहीत टिपायचे, हा कोणता न्याय? विंडोज व्हिस्टाने ही नोंद मुळातच बंद ठेवली. लिनक्सने २००९ सालच्या २.६.३० या आवृत्तीपासून ती पुष्कळ कमी केली. बहुतेकांचे त्यावाचून काहीच अडले नाही. माझ्या मते खरी काटकसर ती हीच.

दुसरी काटकसर मात्र इतकी निरुपद्रवी नाही. २००४ साली लिनक्सच्या २.६.६ आवृत्तीत 'लॅपटॉप मोड' आला. प्रत्येक पत्रासाठी पोस्टमनने धावण्याऐवजी थैली भरू द्यावी, तसा मजकूर मेमरीत साठू द्यायचा आणि तबकडी जागी झाली की एकदम लिहून काढायचा, ही त्याची युक्ती. युक्ती नामी खरी. पण वीज गेली की मेमरी कोरी होते. दहा मिनिटांपर्यंतचे काम गमावण्याचा संभव आहे, हा इशारा त्या सोयीच्या माहितीपत्रातच दिलेला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री जुनी बॅटरी अचानक मान टाकते तेव्हा दहा मिनिटांचे मोल काय, हे आपणांस सांगावयास नको.

तिसरा प्रकार अतिउत्साहाचा. काही डिस्का क्षणभर काम नसले की आपले हेड बाजूला नेऊन ठेवतात. पण ही ये-जा डिस्कला मोजूनच करता येते. समजा, ती मर्यादा ३,००,००० वेळांची आहे. मिनिटाला दोनदा आणि दिवसाला दहा तास असे चालले, तर रोज १२०० वेळा होतात आणि अवघ्या २५० दिवसांत मर्यादा संपते! विजेचे चार पैसे वाचले आणि डिस्कच गेली, तर त्याला बचत कोण म्हणेल?

तेव्हा क्रम असा असावा: प्रथम अनावश्यक लिहिणे थांबवावे, मग आवश्यक लिहिणे एकत्र करावे, आणि सर्वांत शेवटी विलंब करावा, तोही वापरणाऱ्याला स्पष्ट सांगून. वाचताना, गाणी ऐकताना विलंब खुशाल असू द्या. लिहिताना तो कमी करा आणि लेखनाची एक प्रत दुसरीकडे ठेवा. यंत्र बनवणाऱ्याने बॅटरी अधिक टिकते म्हणून जाहिरात करावी आणि धोका मात्र आपल्या लेखनाने पत्करावा, ही वाटणी न्यायाची नव्हे. यंत्राला विश्रांती जरूर मिळावी. पण तिची किंमत किती, हे ठरवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याच्या हाती राहिला पाहिजे.