सॅमन, जुनी नौका आणि एक लहानसा पर

वाचकहो, मासळीची गोष्ट निघाली की आमच्या गोमंतकीय वाचकांचे कान टवकारतात, हे आम्ही जाणून आहो. म्हणूनच या आठवड्यात आम्ही सर्वांना एका दूरच्या समुद्रावर, एका दिवसाच्या सफरीस नेऊ इच्छितो. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सरहद्दीखाली, प्युजेट साउंड नावाचा खोल समुद्रफाटा डोंगरांमधून भूमीत शिरला आहे. त्याच्या काठी सिॲटल शहर वसले आहे. जुन्या लाकडी मोटारनौकेत बसून सॅमन मासा धरावयास जाणे, हा तेथील काही कुटुंबांचा आवडता विरंगुळा होय. आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे. परंतु त्या दोघांचे कूळ एक नव्हे.

प्रथम नौकेविषयी. १९२० ते १९४० या काळात सिॲटलमधील लेक युनियन सरोवराच्या काठी अशा अनेक मोटारनौका बांधल्या गेल्या. ओकच्या वाकविलेल्या फासळ्या, त्यांवर सीडरच्या फळ्या आणि वर काचेच्या खिडक्यांची ऐसपैस खोली, अशी त्यांची घडण. त्यांतील ज्या अद्याप पाण्यावर आहेत, त्यांचे वय नव्वदीच्या घरात आहे. लाकडी नौकेचा खरा शत्रू समुद्र नव्हे. पावसाचे गोडे पाणी सांध्यांत मुरले म्हणजे लाकूड कुजू लागते. म्हणून ती वरचेवर काठावर ओढावी लागते, तळ खरवडावा लागतो, फटींत कापसाचा पीळ ठोकावा लागतो, रंगरोगण करावे लागते. एका पिढीने आळस केला की नौका संपली. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सफर पहाटे सुरू होते. सरोवरातून कालव्याने पश्चिमेस जाता बॅलर्ड येथे मोठी जलद्वारे लागतात. ती १९१७ साली समारंभपूर्वक खुली झाली. सरोवराची पातळी समुद्राहून उंच असल्याने नौका दोन दरवाजांमधल्या हौदात शिरते, हौदातील पाणी सोडले जाते, आणि भरती-ओहोटीच्या मानाने ती सहा ते सव्वीस फूट खाली उतरते. त्याच बांधाच्या कडेला माशांसाठी २१ पायऱ्यांचा पाण्याचा जिना केलेला आहे. समुद्रातून परतणारा सॅमन त्यावरून एकेक पायरी चढून सरोवराकडे जातो, आणि लहान मुले काचेच्या खिडकीतून त्याचे कौतुक पाहतात. माणूस मासा शोधण्यास खाली उतरतो, त्याच वेळी शेजारून मासा घरी जाण्यास वर चढत असतो.

घरी, हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. सॅमन नदीच्या खडीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि काही वर्षांनी, मुख्यतः गंधाच्या खुणेने, आपल्याच नदीत परत येतो. तेथे अंडी घालून तो प्राण सोडतो. त्याच्या देहावर ओढ्यातील किडे, पक्षी आणि काठची झाडेही पोसतात.

समुद्रात उतरल्यावर उत्तरेस सुमारे दोन तासांचा प्रवास. जुने इंजिन संथपणे धडधडत असते, आणि आकाश स्वच्छ असल्यास पश्चिमेस ऑलिंपिक पर्वताची शिखरे दिसतात. मग ‘पॉइंट नो पॉइंट’ नावाचे भूशिर येते. ‘भूशिर नव्हे असे भूशिर’, असे हे गमतीचे नाव! तेथे १८७९ सालचे दीपगृह आहे. येथे वेग ताशी दोन-तीन मैलांवर आणतात. जड शिशाचा गोळा तारेने खोल सोडतात, त्याच्या आधारे गळाची दोरी खाली जाते, आणि हेरिंगचे आमिष जिवंत माशासारखे गिरक्या घेत मागून येते. कित्येक जुन्या नौकांना इतके हळू चालणे जमत नाही. तेव्हा इंजिनाचा गियर क्षणभर घालावा, क्षणभर काढावा, अशी कसरत करावी लागते. तासन्‌तास काही घडत नाही. चहा होतो, गप्पा होतात. आणि एकाएकी काठी वाकते.

मासा नौकेजवळ आला की पहिला प्रश्न ‘केवढा?’ हा नसतो. सर्वजण वाकून त्याच्या पाठीचा शेपटीकडील भाग पाहतात. तेथे एक लहानसा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढविलेल्या बहुतेक पिलांचा तो पर त्यांना सोडण्यापूर्वी कापलेला असतो. पर नसेल, तर हंगामाच्या नियमांप्रमाणे मासा ठेवता येतो. पर असेल, तर तो नदीत जन्मलेला रानमासा असण्याचा संभव मोठा. आणि ज्या जातीचा रानमासा ठेवण्यास बंदी असेल तो नौकेवर घेण्याचीही मनाई आहे. गळाला उलटा काटा नसावा असा नियम याचसाठी आहे. गळ पाण्यातच अलगद सोडवितात, आणि दिवसभराच्या प्रतीक्षेचे फळ डोळ्यांदेखत खोल निघून जाते.

हा कडकपणा कशासाठी? प्युजेट साउंडमधील चिनूक जातीचा सॅमन १९९९ साली कायद्याने संकटग्रस्त ठरविण्यात आला. धरणे, जंगलतोड, नद्यांचे बांधलेले काठ आणि पूर्वीची बेसुमार मासेमारी यांचा हा परिपाक. तेथील ओर्का देवमाशांचा एक समूह मुख्यतः चिनूकवरच जगतो, आणि त्यात आता जेमतेम पाऊणशे प्राणी उरले आहेत. २०१८ सालच्या उन्हाळ्यात त्यांतील एका मातेने आपले मेलेले पिलू १७ दिवस, सुमारे एक हजार मैल, डोक्यावर तोलून वाहिले. ते दृश्य जगाने पाहिले.

शिवाय मासा एकट्या शौकिनांचा नाही. याच भूशिरावर १८५५ साली तेथील मूळ रहिवाशांनी अमेरिकन सरकारशी तह केला. भूमी दिली, पण नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. असे तह तेथे इतर जमातींशीही झाले. पुढे तो हक्क पायदळी तुडविला गेला. अखेर १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निर्णय दिला की, धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा तह केलेल्या जमातींचा आहे. दिलेला शब्द शंभर वर्षांनीही शब्दच असतो.

आता आपल्याकडे वळू. बडोद्याच्या वाचकांना भडोचजवळ पावसाळ्यात नर्मदेत चढणारा हिलसा ठाऊक आहे. हैदराबादकरांना तोच गोदावरीची पुलसा म्हणून परिचित आहे. तोही समुद्रातून नदीत अंडी घालण्यास येतो. नर्मदेत त्याची आवक पूर्वीच्या मानाने फार घटली आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीच. परंतु कायदा समुद्रावर पहारा करील. आपल्या ताटावर कोण करणार? गाभोळीच्या लोभाने विणीच्या दिवसांत भरलेली मासळीच मागणारे गिऱ्हाईक हाही एक गळच आहे, आणि त्याला उलटा काटा आहे.

नाश मात्र अटळ नव्हे. सिॲटलच्या पश्चिमेस एल्व्हा नदीवरील दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, आणि सुमारे शंभर वर्षे अडलेला सॅमन पुन्हा वरच्या प्रवाहात शिरला. एका पिढीने आळस केला की नौका संपते, असे आम्ही वर म्हटले. माशाचेही तसेच आहे; फरक इतकाच की, नौका पुन्हा बांधता येते. तेव्हा बाजारात जाणाऱ्या आमच्या भगिनींनी येत्या पावसाळ्यात भरलेली मासळी निदान दोन महिने पाटीतच राहू द्यावी, आणि तसे का केले ते घरी मुलांना सांगावे, एवढीच आमची विनंती.