रेसिडेंटचा कागद आणि आपली बस्ती

वऱ्हाडच्या इतिहासाचा विषय निघाला की आपले लिहिणारेसुद्धा इंग्रजी गॅझेटियर उघडतात. साचा ठरलेला: अरब-रोहिल्यांनी मुलूख नासवला, इंग्रजांनी शांतता आणली. माझा या साच्याला विरोध आहे.

हैदराबादचा रेसिडेंट म्हणजे निजामाच्या दरबारातला कंपनीचा वकील. मुलखातल्या बंडाळीच्या खबरा तो वर कळवी. रोहिल्यांनी लुटालूट केली, हे मी नाकारत नाही. पण त्यांना पदरी ठेवणारे जमीनदार कोण होते, हे त्या साच्यात येत नाही. बंडाळी आहे म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिन्जंट फौज हवी. फौज हवी म्हणून खर्च निजामाच्या माथी. थकबाकी वाढली आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला. ज्याने बंडाळी लिहिली, त्यालाच मुलूख मिळाला!

हे फक्त आपल्याकडे घडले नाही. चीनच्या युन्नान प्रांतात 1856 ते 1873 हुई मुसलमानांचे बंड चालले. इंग्रजी कागदांत ते ‘पँथे’ झाले. हा शब्द ब्रह्मदेशातला, त्यांचा स्वतःचा नव्हे. 1868 मध्ये मेजर स्लेडन त्यांच्या इलाक्यात गेला, तो व्यापाराची वाट शोधत. त्यांचे दुःख टिपायला नव्हे.

कुणी म्हणेल, इंग्रजांनी लिहिले म्हणून तरी कळते. खरे आहे. मग आपण का लिहिले नाही?

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी आमचा मोहल्ला ‘संवेदनशील’ म्हणून छापून आला. कोणाचे दुकान जळाले, कोणत्या हिंदू शेजाऱ्याने कोणाची लेकरे रात्रभर घरात ठेवली, याची ओळही नाही. दोष बातमीदाराचा जेवढा, तेवढाच आपला. आपण उर्दूत हळहळतो, मराठीत अर्ज करतो. नोंद मात्र कोणत्याच भाषेत ठेवत नाही.

वर्गात मी मुलांना सांगतो, कागद फाडू नका, वाचा. लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितो, त्याला काय मिळाले, हे विचारा. आणि त्याच्या शेजारी आपला कागद ठेवा. तारीख घालून, नावानिशी, मराठीत. नाहीतर उद्याची लेकरे आपल्याला दुसऱ्याने दिलेल्या नावानेच ओळखतील.