अम्मीची वही

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. इंदापूर तालुक्यातल्या कळसची मुलगी. अब्बांचे वेल्डिंगचे दुकान, अम्मी आशा सेविका. रोज एसटीने बारामतीला जाऊन तिने पदवी घेतली आणि आता पुण्यात इतिहासात एम.ए. करते आहे. शीरखुर्म्याची वाटी तशीच हातात धरून ती आपल्या लघुप्रबंधाविषयी बोलत राहिली. विषय आहे प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या बायका.

हाच विषय का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मॅडम, 2020 मध्ये अम्मी तापमान मोजायची बंदूक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर जायची. आमच्याच मोहल्ल्यातल्या बायका तिला बघून दार लावून घ्यायच्या. घरी आली की आधी मागच्या मोरीत आंघोळ, मग आम्हाला हात लावायचा. तेव्हा वाटलं, आधीच्या साथीत हे कोणी केलं असेल?"

प्लेग सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्रथम ओळखला गेला आणि काही महिन्यांत पुण्याला पोहोचला. 1897 च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. (कोरोनात पुन्हा हाच कायदा बाहेर काढला होता.) पुण्यातले रँडसाहेब, सोल्जरांनी घेतलेल्या घरझडत्या आणि चाफेकर बंधू हे सगळे आम्ही वर्गात शिकवतो. रुग्णाच्या उशाशी कोण बसले होते, हे मात्र इतक्या वर्षांत आम्हीही कधी शिकवले नाही. सावित्रीबाई फुले तेवढ्या ठाऊक असतात. हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत याने काढलेल्या दवाखान्यात त्या रुग्ण आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल लिहिले. त्या पत्राची चर्चा थेट विलायतेच्या पार्लमेंटात झाली.

आमची विद्यार्थिनी ज्यांना शोधते आहे त्या याहून साध्या बायका, म्हणजे वॉर्डातल्या आया, अंग पुसणाऱ्या, चादरी धुणाऱ्या. तिने आतापर्यंत पाहिलेल्या कागदांत साहेबांची नावे हुद्द्यासकट आहेत, आयांचा नुसता उल्लेख. लंडनच्या वेलकम संग्रहात त्या काळातल्या मुंबईच्या प्लेग रुग्णालयांचे फोटो आहेत. ते तिने मोबाइलवर मोठे करून दाखवले. "ही मागे उभी आहे ना, हिचं नाव पाहिजे मला," ती म्हणाली.

मग तिने मदनपुऱ्याची हकीकत काढली, आणि आमचा चहा निवला. 9 मार्च 1898. मदनपुऱ्यात मोमीन विणकरांची वस्ती. प्लेगची तपासणी करणारे पथक एका घरी आले. घरात बारा वर्षांची आजारी मुलगी. परक्या पुरुषाने तिला तपासू नये, असे घरच्यांचे म्हणणे. त्यातून वाद वाढला, दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे मेली. पथक जुलमी होते हे खरेच. लोकांना इस्पितळाचीच धास्ती होती हेही खरे. पण त्या दारात पहिल्यापासून मोहल्ल्यातलीच एखादी शिकलेली बाई उभी असती, तर? इतिहासात 'तर' चालत नाही, हे आम्हीच तिला शिकवले होते. त्या दिवशी मात्र आम्ही गप्प बसलो.

गप्प बसायला आणखी एक कारण होते. याच मुलीला अलीकडे एक स्थळ आले होते. घराणे चांगले, मुलगा नोकरीला. त्यांनी निरोप धाडला की मुलगी पसंत आहे, फक्त तिच्या आईने दारोदार फिरण्याचे ते काम सोडावे. आपल्याकडे पडद्याचे नाव घेऊन मुलींना नर्सिंगला पाठवत नाहीत आणि बाळंतपणाच्या वेळी मात्र "लेडीज स्टाफ आहे ना?" असे विचारतात. हजरत रुफैदा (रजि.) यांचा जखमींसाठीचा तंबू मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मशिदीतच होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना त्यांच्याकडेच ठेवले होते. हे आपल्या जलशांतून सांगितले जाते, पण स्थळ बघायला जाताना कोणाला आठवत नाही.

"मग काय कळवलंत?" आम्ही विचारले.

"अम्मी सोडायला तयार झाली होती. मी नाही म्हणून कळवलं. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

निघताना तिने पिशवीतून एक वही काढली. 2020 ची, अम्मीची. घर क्रमांक, माणसे किती, ताप, ऑक्सिजन. काही आकड्यांखाली दोनदा रेघ मारलेली. मागच्या पानांवर किराण्याची यादी, कारण वही कोरी कशाला ठेवायची! अम्मी ती रद्दीत घालणार होती. पहिल्या पानावर गावाचे नाव होते, उपकेंद्राचे होते, लिहिणारीचे नव्हते. आम्ही पेन पुढे केले. ती म्हणाली, "नको मॅडम, तिच्याच हातानं लिहून घेते."

शाळेतला खाकी कागद घरात होता. आम्ही वहीला कव्हर घालून दिले.