ठेव तुमची, मालकी कुणाची?

हल्ली दुकानात साधा हातरुमाल घ्यायला गेले तरी काउंटरवरची मुलगी किंमत सांगण्याआधी मोबाइल नंबर विचारते. आपण तो मोठ्याने सांगतो आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या पाच-सहा जणांनाही तो ऐकू जातो. नंबर कशाला हवा, असे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. विचारलेच तर 'नंबराशिवाय सिस्टीम पुढे जात नाही हो काका' हे उत्तर ठरलेले! नंबर दिल्याशिवाय माल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. सिस्टीमपर्यंत ते अजून पोचलेले दिसत नाही.

दहा आकड्यांत असे काय आहे, असे कुणी म्हणेल. पण याच नंबराला बँकेचे खाते, गॅसची टाकी, मुलांची शाळा आणि औषधाचे दुकान जोडलेले असते. एका दोरीत हे सगळे ओवले की घरात कुणाला मधुमेह आहे, पाळणा कधी हलणार आहे आणि महिनाअखेरीस हात कधी आखडतो, हे घरच्या माणसांच्या आधी परक्या कंपनीला कळू शकते. कंपन्या या माहितीला आपली मालमत्ता समजतात. माझा वाद आहे तो या एका शब्दाशी.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तिथे रुजू होताना निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याचे १३ वे कलमच तसे आहे. गावातल्या कोणत्या शेटजींचे खाते कोरडे आहे हे आम्हाला ठाऊक असे, पण ते आम्ही घरी बायकोलाही सांगत नसू. या शिस्तीमागे जुना इतिहास आहे. इंग्लंडमध्ये टूर्नियर नावाच्या खातेदाराने काढलेली जादा रक्कम थकली. बँकेच्या मॅनेजरने ही गोष्ट त्याच्या मालकाला फोनवर सांगितली आणि त्याची नोकरी गेली. तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की खातेदाराची माहिती गुप्त राखणे हा बँकेच्या कराराचाच भाग आहे. न्यायालयाने त्याला चार अपवाद ठेवले. त्यांतला एक म्हणजे खातेदाराची संमती.

या खिडकीचा आज दिंडी दरवाजा झाला आहे. बोटभर लांबीच्या पडद्यावर वीस पानांचा मजकूर येतो, आपण खाली 'सहमत' दाबतो आणि मोकळे होतो. कर्ज देणाऱ्या ॲपनी याचा कसा फायदा घेतला ते आठवा. शहरात शिकणारा मुलगा पाच हजार रुपये उचलतो आणि हप्ता चुकला की शिव्याशापांचे फोन गावाकडच्या मावशीला जातात. बिचाऱ्या मावशीने तर कशालाच संमती दिलेली नसते! अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना फोनमधील नावांची यादी, फोटो आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली.

माहितीचा उपयोगच करू नये, असे मी म्हणत नाही. तारण द्यायला काही नसलेल्या भाजीवाल्याला त्याच्या मोबाइलवरच्या रोजच्या जमेच्या नोंदी पाहून कर्ज मिळत असेल, तर एका जुन्या बँकवाल्याला त्याचा आनंदच आहे. मात्र जी माहिती ज्या कामासाठी दिली, ती त्याच कामासाठी वापरावी. ती ठेव आहे, विक्री नव्हे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हेच तत्त्व मान्य केले आहे. माहिती घेणाऱ्याला त्याने 'फिड्यूशियरी', म्हणजे विश्वस्त म्हटले आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती आणि तितक्याच सहजतेने मागे घेता येणारी हवी. सूचना मराठीतही मागता येईल. कायद्यात एक बोलके उदाहरणही आहे : डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील नावांची यादी मागितली आणि रुग्णाने हो म्हटले, तरी त्या कामाला यादी लागत नसल्यामुळे ती संमती यादीपुरती ग्राह्य नाही. मावशीला उशिरा का होईना, वाली मिळाला म्हणायचा.

पण हिशेब तपासायची खोड जात नाही. माहितीची राखण नीट न करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा पैसा जातो कुठे? सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती छदामही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात भरपाईची सोय होती, ते कलम वगळण्याची तरतूद या नव्या कायद्यातच आहे. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल सामान्य माणसाला मात्र १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठेव बुडाली, दंड खजिन्यात जमा झाला आणि ठेवीदार रिकाम्या हाताने घरी गेला, असा व्यवहार कोणत्या बँकेत चालला असता? संसदेने भरपाईची ती तरतूद परत आणली पाहिजे.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदींसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत दिली आहे. क्लासवाले, पॅथॉलॉजीवाले, सोसायटीचे सेक्रेटरी अशा सर्वांनी या मुदतीत एका कागदावर चार गोष्टी लिहून काढाव्यात : आपण कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, ती कोण पाहते आणि ती कधी पुसून टाकतो. आम्ही बँकेत जुनी व्हाउचर्स मुदत संपली की नोंद करून नष्ट करत असू. त्यासाठी संगणक लागत नव्हता, शिस्त लागत होती.

राहता राहिले आपण. घरातल्या मुलांना रस्ता ओलांडायला शिकवतो तसे 'सहमत' दाबण्यापूर्वी थांबायलाही शिकवावे. आपल्या फोनमधली शे-दोनशे माणसे विश्वासाने तिथे आलेली आहेत. त्यांचे नंबर दुसऱ्याला देऊन टाकण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.